गाय बसली तिथे नगरपालिका: थिवा शहराची जन्मकथा कशी वाचावी

१ जानेवारी २०११ पासून ग्रीसमध्ये 'कालिक्रातिस' नावाची प्रशासकीय फेररचना लागू झाली. हजारावर असलेल्या स्थानिक संस्था एकमेकींत मिसळून ३२५ नगरपालिका उरल्या. त्यात अथेन्सच्या वायव्येला, रस्त्याने साधारण ९० किलोमीटरवर असलेल्या थिवा शहराला तीन शेजारी जोडले गेले: वागिया, थिस्वी आणि प्लातेएस. यातलं तिसरं नाव वाचून ग्रीक इतिहास थोडाफार माहीत असलेला कुणीही गालातल्या गालात हसेल.

थिवा म्हणजे प्राचीन थीब्ज आणि प्लातेएस म्हणजे प्राचीन प्लाटिया. या दोघांचं हाडवैर होतं. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटियाच्याच मैदानावर ग्रीकांनी इराणी फौजेला हरवलं, तेव्हा थीब्ज इराण्यांच्या बाजूने लढत होतं. इ.स.पू. ४३१ मध्ये पावसाळी रात्री तीनशेच्या वर थीबन सैनिक फितुरांनी उघडलेल्या दरवाजातून प्लाटियात घुसले. घरांच्या छतांवरून बायकांनी त्यांच्यावर कौलं फेकली. सापडलेल्या १८० जणांना प्लाटियावाल्यांनी ठार केलं आणि तिथून अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाला तोंड फुटलं. चार वर्षांनी स्पार्टाने प्लाटिया जिंकलं आणि पुढे त्या गावाची एक भिंतही उभी राहिली नाही. इ.स.पू. ३३५ मध्ये अलेक्झांडरने थीब्ज जमीनदोस्त केलं तेव्हा 'पाडाच' म्हणणाऱ्यांत प्लाटियावाले होते. आता दोघांचा महापौर एक.

इथे 'नगरपालिका' या शब्दाने मराठी वाचकाची फसगत होऊ शकते. ग्रीक 'दिमोस' फक्त शहरापुरता नसतो. शहर, आसपासची खेडी, मधली शेती आणि डोंगर असं सगळं त्यात येतं. थिवाचा दिमोस सुमारे ८३० चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे आवाक्याने आपल्या तालुक्याच्या जवळ जाणारा. थिस्वीचं नाव होमरच्या 'इलियड'मधल्या जहाजांच्या यादीत 'कबुतरांची थिस्बी' म्हणून येतं. इ.स.पू. ३७१ मध्ये थीब्जचा सेनापती एपामिनोंडास याने स्पार्टाचा कणा मोडला ते ल्यूक्ट्राही याच हद्दीत. जिल्ह्याचं मुख्यालय मात्र थिवा नाही, लिवाडिया आहे. प्रांताचं नाव बोइओतिया, आजच्या उच्चारात 'विओतिया'. ते नाव लक्षात ठेवा, कारण त्यात गाय आहे.

आधी एक घोळ मिटवू. इजिप्तमध्ये नाईलकाठी जे थीब्ज आहे, त्याचा या गावाशी संबंध फक्त नावापुरता. इजिप्तच्या त्या शहराला हे नाव ग्रीकांनी दिलं. होमरसुद्धा दोघांत फरक करतो. इजिप्तचं शंभर वेशींचं, बोइओतियाचं सात वेशींचं.

दोन जन्मकथा, आणि त्या जुळत नाहीत

पहिली कथा कॅडमसची. फिनिशियातल्या टायर नगरीचा, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचा हा राजपुत्र. त्याची बहीण युरोपा हिला झ्यूसने बैलाचं रूप घेऊन पळवलं. बापाने मुलांना बहिणीच्या शोधाला धाडलं. कॅडमस फिरत फिरत डेल्फीच्या देवस्थानात कौल लावायला गेला. कौल मिळाला, पण भलताच: बहिणीचा शोध सोड, एका गाईच्या मागे जा, ती थकून जिथे बसेल तिथे नगर वसव. गाय ओळखायची खूणही सांगितलेली होती. इ.स. दुसऱ्या शतकात ग्रीसभर हिंडून वर्णन लिहिणारा पॉसेनियस सांगतो की तिच्या दोन्ही कुशींवर पौर्णिमेच्या चंद्रासारखा पांढरा ठिपका होता.

गाय बसली. तिचा बळी द्यायला पाणी हवं म्हणून कॅडमसने माणसं झऱ्यावर पाठवली. झऱ्याची राखण युद्धदेव एरिसचा सर्प करत होता. त्याने माणसं मारली, कॅडमसने त्याला मारलं आणि अथीनेच्या सांगण्यावरून त्याचे दात जमिनीत पेरले. पेरलं ते उगवलं, पण धान्याऐवजी शस्त्रं घेतलेले योद्धे उगवले. कॅडमसने त्यांच्यात दगड टाकला, दगड कुणी मारला यावरून ते आपसात भिडले आणि पाच उरले. हे पाच 'स्पार्टोई', म्हणजे शब्दशः 'पेरलेले'. स्पार्टा शहराशी या शब्दाची गल्लत करू नये. सर्पहत्येचं प्रायश्चित्त म्हणून कॅडमसने आठ वर्षं एरिसची चाकरी केली आणि मग एरिस व ॲफ्रोडाइटी यांची मुलगी हार्मोनिया हिच्याशी लग्न केलं. पुढे डायोनायससची आई सेमिली, पेन्थियस, ओयदिपौस, ॲन्टिगनी ही सगळी याच घराण्यातली. मराठी रंगभूमीला त्यातली दोनतरी नावं परकी नाहीत.

दुसरी कथा ॲम्फिऑन आणि झीथस या जुळ्या भावांची. झीथस अंगमेहनतीचा, दगड पाठीवर वाहणारा. ॲम्फिऑन तंतुवाद्य वाजवणारा. त्याने तारा छेडल्या की दगड आपणहून सरकत यायचे आणि तट उभा राहायचा. झीथसच्या बायकोचं नाव थीबी, त्यावरून गावाचं नाव.

मग पहिला संस्थापक कोण? होमरच्या 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात स्पष्ट म्हटलंय की सात वेशींच्या थीब्जची पायाभरणी पहिल्यांदा केली ती या जुळ्यांनी. कॅडमसने गाव वसवलं असं होमर कुठेच म्हणत नाही, जरी तो थीब्जच्या लोकांना 'काद्मेइ' म्हणतो आणि कॅडमसच्या मुलीचा उल्लेखही करतो. प्राचीन लेखकांनाच हे अडचणीचं वाटलं. कुणी जुळ्यांना कॅडमसच्या आधी टाकलं, कुणी नंतर. पुढे एक तोडगा रुळला: कॅडमसने वरची टेकडी वसवली, म्हणून तिचं नाव कॅडमिया, आणि जुळ्यांनी खालचं गाव जोडून तट बांधला. तोडगा सोयीचा आहे, पण तो तोडगाच आहे. दोन वेगळ्या परंपरा एका वंशावळीत बसवायच्या झाल्या की असे सांधे दिसतातच. आपल्याकडची स्थलपुराणं वाचणाऱ्याला हे नवीन नाही.

या कथा नुसत्या आजीच्या गोष्टी नव्हत्या. थीब्जची बडी घराणी आपला वंश त्या पाच 'पेरलेल्यां'पर्यंत नेत. एपामिनोंडास इ.स.पू. ३६२ मध्ये मँटिनियाच्या लढाईत पडला, तेव्हा त्याच्या समाधीच्या खांबावरच्या ढालीवर सर्प कोरला होता. पॉसेनियस त्याचा अर्थ देतो: हा स्पार्टोईंच्या वंशातला. म्हणजे खऱ्याखुऱ्या सेनापतीच्या थडग्यावर दंतकथा ओळखपत्रासारखी वापरली गेली.

गाईचा 'ग' आणि बोइओतियाचा 'ब'

दंतकथा तपासताना तीन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात: नाव जुनं आहे का, जागा जुनी आहे का, आणि माणूस खरा होता का. बहुतेक गोंधळ होतो तो पहिल्या दोहोंचं उत्तर 'हो' आलं की तिसऱ्याचंही 'हो' धरून चालल्यामुळे.

नावापासून सुरुवात करू. इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकातले ग्रीक राजवाडे 'लिनिअर बी' नावाच्या लिपीत हिशेब ठेवत. १९५२ मध्ये मायकेल व्हेन्ट्रिस या इंग्रज वास्तुविशारदाने ती उलगडली, तेव्हा कळलं की आतली भाषा ग्रीकच आहे. या लिपीत सुट्या व्यंजनाला चिन्ह नाही; एक चिन्ह म्हणजे एक अख्खा उच्चार, 'ते', 'का', 'रो' असा. त्यात 'ते-क्वा' हे स्थलनाम सापडतं, आणि 'ते-क्वा-दे' म्हणजे 'थीब्जकडे'. हेच आपलं गाव.

पण 'क्वा'चा 'बा' कसा झाला? त्या काळच्या ग्रीकमध्ये ओठ गोल करून उच्चारायचा 'ग्व' असा वर्ण होता; लिनिअर बी तो 'क्व'च्याच चिन्हाने लिहिते. पुढे तो बऱ्याच ठिकाणी 'ब' झाला. 'थेग्वाई'चं 'थेबाई' झालं, आणि आजच्या ग्रीकमध्ये 'ब'चा 'व' होऊन 'थिवा'. हाच वर्ण गाईच्या शब्दातही होता. मूळ 'ग्वोउस'. ग्रीकमध्ये त्याचा 'बोउस' झाला, संस्कृतात 'गौः', मराठीत गाय. गुराख्याला लिनिअर बी मध्ये 'क्वो-उ-को-रो' लिहिलंय, पुढच्या ग्रीकमध्ये तो 'बोउकोलोस'. कौलात गाय आहे म्हणून प्रांताचं नाव बोइओतिया, असं ग्रीक सांगत. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञ जशीच्या तशी घेत नाहीत. नाव आधीचं आणि गाय नंतर त्याला चिकटली, असं होणं जास्त शक्य. तरी 'बोउस' आणि 'गाय' हे एकाच घरचे शब्द आहेत, याबद्दल शंका नाही.

तर नाव जुनं आहे, निदान सव्वातीन हजार वर्षांचं. जागेचं काय?

राजवाडा आहे, पण त्यावर गाव आहे

कॅडमिया ही पेअरच्या आकाराची टेकडी. लांबी किलोमीटरपेक्षा कमी. ग्रीसमधल्याच मायसिनी किंवा पायलॉसचे त्या काळचे राजवाडे ओसाड रानात होते, त्यामुळे ते सलग खणता आले. थीब्जच्या टेकडीवर माणसं कायम राहत आली. अलेक्झांडरने ६,००० मारले, ३०,००० गुलाम म्हणून विकले, पिंडार कवीचं घर तेवढं सोडलं. वीसेक वर्षांनी मॅसिडोनियाचा सत्ताधीश कॅसँडर याने गाव पुन्हा उभं केलं. पॉसेनियसच्या वेळी खालचं गाव ओस पडलं होतं आणि लोक फक्त टेकडीवर राहत. टेकडीलाच थीब्ज म्हणत. मध्ययुगात इथलं रेशीम इतकं नावाजलेलं की ११४७ मध्ये सिसिलीच्या नॉर्मनांनी विणकरच उचलून नेले. १८५३ आणि १८९३ च्या भूकंपांत घरं कोसळली आणि त्याच टेकडीवर काटकोनी रस्त्यांचं आजचं गाव आखलं गेलं. रस्त्यांची नावं पिंडारू, एपामिनोंडू, पेलोपिडू, ॲन्टिगोनिस. राजवाडा या चौकांच्या खाली आहे.

१९०६ पासून अँटोनिओस केरामोपुलोस यांनी पिंडारू आणि ॲन्टिगोनिस रस्त्यांच्या कोपऱ्यावर खोदकाम केलं. मिरवणुकीने जाणाऱ्या बायकांचं भित्तिचित्र मिळालं. १९२१ मध्ये तेलाचे अरुंद तोंडाचे रांजण मिळाले, काहींवर लिनिअर बी मध्ये रंगवलेली अक्षरं. मातीच्या तपासणीतून पुढे कळलं की यातले बरेच पश्चिम क्रीटमधून आले होते. या वास्तूला 'कॅडमसचं घर' हे नाव पडलं आणि चिकटलं. नाव देणं सोपं असतं. भिंतीवर कुणाचं नाव नव्हतं.

त्यानंतर जे सापडलं ते बहुतेक असंच, तुकड्यातुकड्याने, कुणाचं घर बांधताना किंवा रस्ता उकरताना. म्हणून थीब्ज समजून घ्यायचं तर तिथे खोदकाम कसं चालतं ते माहीत हवं.

मालक बांधकामाची परवानगी मागतो. जागा पुरातत्त्व क्षेत्रात असल्याने प्रकरण पुरातत्त्व खात्याच्या जिल्हा कार्यालयाकडे, 'एफोरिया'कडे जातं. वरचा अलीकडचा भराव यंत्राने काढतात, तोही अधिकाऱ्यासमोर. जुना थर लागला की यंत्र बंद, पुढे कुदळ, थापी, ब्रश. प्रत्येक थराची नोंद, मोजमाप, फोटो. शेवटी खात्याची समिती ठरवते: अवशेष पुन्हा मातीने झाकून वर बांधू द्यायचं, तळघरात उघडे ठेवून खांबांवर इमारत उभी करायची, की जागाच सरकारने घ्यायची. यात वर्षं जातात आणि मालक वैतागतो, हेही खरं.

अडचण अभ्यासाची जास्त आहे. खड्डा प्लॉटच्या हद्दीपर्यंतच जाऊ शकतो. भिंत कुंपणाखाली शिरली की संपली. पलीकडचा प्लॉट चाळीस वर्षांनी दुसऱ्या कुणी खणलेला असतो. मधल्या शतकांतल्या विहिरी, धान्याची पेवं आणि संडासाचे खड्डे जुन्या थरांतून आरपार गेलेले असतात, त्यामुळे इ.स.पू. तेराव्या शतकाचं खापर आणि मध्ययुगीन खापर शेजारी येतं. इथे राजवाडा एकच होता की एकामागून एक दोन, या वादाचं मूळ या फाटक्या नकाशात आहे.

तरीही हिशेब सापडलेच. १९९३ मध्ये पेलोपिडू रस्त्यावरच्या कामात मातीच्या पाट्या लागल्या. वासिलिस अरावान्तिनोस यांच्या देखरेखीखाली पुढच्या दोन वर्षांत दोनशेच्या वर पाट्या आणि तुकडे हाती आले. या पाट्या भाजलेल्या नसत. ओल्या मातीवर टोकदार काडीने लिहायचं, वाळवायचं, वर्ष संपलं की माती पुन्हा भिजवायची. इ.स.पू. १२०० च्या सुमारास राजवाडा जळला, त्या आगीत त्या वर्षाच्या पाट्या भाजून पक्क्या झाल्या. म्हणून आपल्याकडे एका राज्याच्या शेवटच्या वर्षाची रोजकीर्द आहे आणि आधीची एकही नाही. त्यात जव, दारू, लोकर, माणसांना दिलेला शिधा. राजाचं नाव नाही, कॅडमस नाही, कथेतला सर्प नाही.

१९८२ मध्ये सापडलेले ५६ मातीचे गोळे तर आणखी बोलके. बोराएवढा-आवळ्याएवढा ओला गोळा दोरीच्या गाठीभोवती दाबायचा, त्यावर शिक्का उमटवायचा आणि दोन शब्द लिहायचे. जनावरासोबत पाठवायची ही पावती: डुक्कर, बोकड, मेंढी. काहींवर 'थीब्जकडे'. काहींवर कारिस्तोस आणि अमारिन्थोस ही गावांची नावं. दोन्ही समुद्रापलीकडे युबिया बेटावर. बेटावरून जनावरं थीब्जला येत होती, एवढा या राजवाड्याचा हात लांब होता.

तेव्हा जागेचंही उत्तर 'हो'.

पूर्वेकडून आलेला माणूस

१९६३-६४ मध्ये निकोलाओस प्लाटोन आणि एव्ही तुलुपा यांच्या खोदकामात चाळीसएक दंडगोल मुद्रा मिळाल्या. बोटाच्या पेराएवढा दगड, त्यावर उलटं कोरीवकाम. ओल्या मातीवर फिरवला की चित्रपट्टी उमटते. यातल्या बऱ्याच निळ्या लाजवर्दाच्या, म्हणजे मूळ दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा. काही बाबिलोनच्या कॅसाइट राजवटीतल्या, एक तर राजा बुर्ना-बुरियाशच्या अधिकाऱ्याची. पूर्वेचा राजपुत्र, त्याच्या नावाची टेकडी आणि टेकडीत पूर्वेच्या मुद्रा! कॅडमस सिद्ध झाला असं अनेकांना वाटलं.

झाला नव्हता. मुद्रा बाबिलोनच्या आहेत, फिनिशियाच्या नाहीत. काही तर सायप्रसच्या. मुद्रांच्या अभ्यासक एडिथ पोराडा यांनी त्या १९८१ मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कॅसाइट लाजवर्द मुद्रांचं एकत्र वजन सुमारे अर्धा किलो भरतं, म्हणजे बाबिलोनी एक 'मिना'. एका राजाने दुसऱ्याला भेट द्यायचं हे ठरीव माप. असिरियाच्या राजाने बाबिलोन लुटून त्यातली भेट थीब्जला पाठवली असावी, असं त्यांनी सुचवलं. सुचवणीच ती, पण माणसांच्या स्थलांतरापेक्षा दरबारी नजराणा आणि व्यापार यांच्याकडे पुरावा जास्त झुकतो, हे मान्य करावं लागतं.

अक्षरांचंही तसंच. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की कॅडमसबरोबर आलेल्या फिनिशियनांनी ग्रीकांना लिपी दिली, आणि थीब्जच्या अपोलो इस्मेनियोसच्या देवळात तिवईसारख्या पात्रांवर आपण 'कॅडमसची अक्षरं' पाहिली. लिपीबद्दल तो बरोबर आहे. ग्रीक वर्णमाला फिनिशियनांच्या २२ अक्षरांवरूनच आली. अल्फा म्हणजे त्यांचं 'आलेफ', बैल. बीटा म्हणजे 'बेथ', घर. चुकतं ते कालमान. ही लिपी ग्रीसमध्ये दिसते इ.स.पू. आठव्या शतकात, आणि कॅडमसला कथेत ट्रोजन युद्धाच्याही कितीतरी आधी बसवलंय. त्या काळी थीब्ज खरोखर लिहीत होतं, पण क्रीटकडून आलेल्या लिनिअर बी मध्ये. राजवाडा जळल्यावर ती विसरली गेली. चार-पाचशे वर्षांनी नवी अक्षरं आली, तेव्हा ती कुणी आणली या प्रश्नाला हाताशी असलेल्या सर्वात जुन्या पाहुण्याचं नाव लागलं, असं दिसतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कॅडमस नावाचा माणूस होता का, पुराव्याच्या आधारे देता येत नाही.

पायी फिरायचं असेल तर

दक्षिणेकडून सुरुवात करावी. सात वेशींपैकी डोळ्यांना दिसते ती एलेक्ट्रा वेस: दोन गोल बुरुजांचे पाये, इ.स.पू. चौथ्या शतकातले. पाटीवर काहीही लिहिलं असलं तरी हे काम ॲम्फिऑनच्या वाद्याचं नाही. तिथून टेकडी चढून गावातून उत्तरेला चालत जावं. वाटेत राजवाड्याचे तुकडे दोन इमारतींच्या मधल्या कुंपणात खोल खड्ड्यासारखे दिसतात. उत्तर टोकाला २०१६ मध्ये नव्याने उघडलेलं संग्रहालय आणि त्याच्या आवारात फ्रँक, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या, सरदारांचा तेराव्या शतकातला बुरूज. मुद्रा, पाट्या आणि गोळे इथेच पाहायला मिळतात. गोळ्यांपाशी थांबावं, एकेकावर दाबणाऱ्या बोटाचे ठसे आहेत. ईशान्येला आयी थेओदोरी भागात ओयदिपौसचा झरा. बापाच्या रक्ताचे हात त्याने इथे धुतले अशी समजूत पॉसेनियसच्या काळीही होती.

संग्रहालयाच्या पलीकडे एक छोटी टेकडी आहे, ॲम्फिऑन. तिच्या माथ्यावरचा मातीचा ढिगारा जुळ्या भावांची समाधी मानला जाई. खोदकामात तो कथेतल्या काळापेक्षाही हजारएक वर्षं जुना निघाला. पॉसेनियस सांगतो की सूर्य वृषभ राशीत असताना तिथोरिया गावचे लोक इथली माती चोरायला येत. ती त्यांनी आपल्याकडच्या ॲन्टिओपीच्या, म्हणजे या जुळ्यांच्या आईच्या, समाधीवर टाकली की त्यांचं पीक वाढे आणि थीब्जचं घटे. म्हणून तेवढे दिवस थीबन लोक या ढिगाऱ्यावर पहारा ठेवत.